चांदीवरचा अंगठा

पहिला दगड माझ्या भावाने मारला. तो काच फोडून आत आला, सुबोधच्या कपाळावर बसला, आणि गाडी देवसळ बंदराच्या कमानीला घासत गटारात कलंडली.

सुबोध माझा नवरा. 'शीतछत्र' कंपनीत तो पाण्याची रॉकेटं भरण्याचं काम करायचा, आणि गाडी कंपनीची होती. दारावर भली मोठी निळी छत्री रंगवलेली. ती छत्री बघून दगड सुटला. गाडीत बहीणही बसली आहे हे भालूदादाला नंतर दिसलं.

"तिका हात लावू नकात!" तो ओरडला. "माझी भैण असा ती! हेका भायर काढा!"

त्यांनी सुबोधला खिडकीतूनच ओढलं. दार उघडायचीही कुणाला सवड नव्हती. उरलेल्या काचेने त्याची पाठ मानेपासून कमरेपर्यंत सोलली. मी त्याचा पाय धरून ठेवला होता, तर कुणीतरी माझ्या मनगटावर वल्हं हाणलं. पाय सुटला. मग लाथा. मी याच लोकांच्या मांडीवर वाढले होते. शाळेच्या सहलीला पैसे नव्हते तेव्हा मला बांगड्याची पाटी विकायला देणारा माणूस माझ्या नवऱ्याच्या बरगड्यांत बुटाचं टोक घालत होता.

"दादा, तो माझो घोव असा!"

"घोव असा म्हणान काय झाला?" भालूदादा माझ्याकडे न बघता म्हणाला. "आपली आवस गेली ती कोणापायी?" आवस म्हणजे आई.

मला दोघांनी उचलून दादाच्या मासळीच्या शेडमध्ये कोंडलं. बाहेरून कडी लागली. पत्र्याच्या फटीतून मला जेटीकडे सरकणारी गर्दी दिसत होती, आणि तिच्या मध्यावर सुबोधचं डोकं. ते एकदा वर यायचं, एकदा खाली जायचं.

हे सगळं कशावरून, ते सांगायला हवं.

त्या वर्षी कोकणच्या आभाळात रुपेरी ढग दिसायला लागून तीन पावसाळे झाले होते. हे ढग नेहमीच्या ढगांसारखे नसतात. ते ऐंशी किलोमीटरच्याही वर, वातावरणातल्या सगळ्यात थंड थरात, बर्फाच्या अतिसूक्ष्म कणांचे बनतात. सूर्य बुडून आपल्याकडे अंधार पडला तरी त्या उंचीवर ऊन असतं, म्हणून ते चमकतात. पूर्वी ते ध्रुवांकडच्या लोकांनाच दिसत. शीतछत्रने समुद्रातल्या तराफ्यावरून रॉकेटं सोडून तिथे पाणी फवारलं आणि ते आपल्या डोक्यावर आणले. ऊन परतवायचं, उन्हाळा दोन अंशांनी उतरवायचा, असा तो बेत. उन्हाळा उतरलाही. सुरुवातीला लोक संध्याकाळी पोराबाळांना घेऊन पुळणीवर बसून ढग बघायचे.

माझं काम त्याच्या उलट्या बाजूला, देवसळच्या टेकडीपलीकडच्या सरकारी केंद्रात. ते ढग तिथल्या हवेचं काय करतात हे आम्ही मोजायचो. त्या उंचीवर ऊन इतकं प्रखर असतं की ऑक्सिजनचे रेणू फुटतात आणि सुटे अणू भटकत राहतात. हा सुटा अणू मोठा उपद्व्यापी. दिसेल त्याला जाऊन चिकटतो, आणि चांदीला तर फारच. चांदी काळी पडते. पातळ चांदी जितकी काळी पडेल तितकी तिच्यातून वीज वाहायला अडचण होते. मी काचेच्या पट्टीवर चांदीचा एक पापुद्रा चढवला होता आणि ती पट्टी रॉकेटच्या नाकात, एका सरकत्या झाकणाआड बसवली होती. वर गेल्यावर झाकण उघडतं, चांदी अणू झेलते, वीज किती अडली ते आम्ही इथे खाली वाचतो, आणि परत येताना झाकण बंद होतं. नाक हवाई छत्रीने समुद्रात उतरतं. घरातली चांदीची वाटी काळी पडते ना, तेच, फक्त काही मिनिटांत.

ढगांमुळे वर पाणी वाढलं की उन्हाने तेही फुटतं, आणि त्याचे तुकडे ऑक्सिजनचे अणू संपवतात, हे पुस्तकात होतं. किती संपवतात हे कुणाला माहीत नव्हतं. आणि एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगितली तरी कमीच: या अणूंचा आपल्या श्वासाशी काडीचा संबंध नाही. आपण घेतो तो ऑक्सिजन इथे खाली आहे, आणि तो आपल्या खापरपणतवंडांनाही पुरून उरेल.

पहिलं रॉकेट गेलं. आकडा आला जवळजवळ शून्य. ढगात शून्य, ढगाच्या वर शून्य. अगदी शेवटी, झाकण बंद व्हायच्या जरा आधी, आकडा झोपेतून उठल्यासारखा वर आला.

"मला हे पटत नाही," मी आमच्या केंद्रप्रमुखांना, डॉ. हेरंब रेग्यांना म्हणाले. "ढग तर केव्हाच मागे पडला होता. मग चांदी इतक्या उशिरा का जागी झाली? दुसरं उड्डाण होऊ द्या, सर. तोवर बोलू नका."

"समिधा, दुसऱ्या उड्डाणाला निधी हवा. बोललो नाही तर तो कुठून येणार?" रेगे हसून म्हणाले. त्याच संध्याकाळी ते टीव्हीवर होते. ते 'अणुरूप ऑक्सिजन' म्हणाले होते हे मी शपथेवर सांगेन. वाहिनीने 'अणुरूप' गाळला. 'ढगांनी ऑक्सिजन खाल्ला!' एवढंच पडद्याखालच्या ओळीत उरलं.

मग जे झालं त्याला वेड म्हणायचं की भीती, मला अजून ठरवता आलेलं नाही. धडधाकट माणसं छातीला हात लावून रस्त्यात बसायला लागली. दवाखान्याच्या दारात मारामाऱ्या झाल्या. तालुक्याहून ऑक्सिजनचे सिलिंडर घेऊन येणारा ट्रक लोकांनी घाटात अडवला, ड्रायव्हरचं डोकं फोडलं आणि सिलिंडर लुटून पलंगाखाली लपवले. ज्यांना कसला आजार नव्हता त्यांनी.

आमच्या आईला आजार होता. चुलीच्या धुराने तिची फुप्फुसं कधीच खलास झाली होती, आणि त्या सिलिंडरच्या नळीवर तिचा दिवस निघायचा. दादा तिच्यासाठी गावोगाव फिरला, पाया पडला, एका दुकानदाराला त्याने मारलंही. परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर रिकामं सिलिंडर होतं. आई त्याच्या मांडीवर गेली. मी पोचले तेव्हा तो तिच्या तोंडावर वर्तमानपत्राने वारा घालत होता, आणि कुणी कितीही सांगितलं तरी थांबत नव्हता.

तेराव्यानंतर त्याने तोंड उघडलं ते शीतछत्रच्या तराफ्याला आग लावण्यासाठी. दोन कामगार भाजून मेले. पोलिसांनी नावं विचारली, गावाने कुणाचंच सांगितलं नाही. दादाच्या ट्रॉलरवरचा तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, बाळा कुबल, कायम त्याच्या बरोबर असायचा. बाळाचा बापही त्याच आठवड्यात गेला होता, तशाच नळीवाचून.

आणि त्या सकाळी दादाच्या ट्रॉलरच्या जाळ्यात माझ्या रॉकेटचं नाक अडकलं. दादाच्या खलाशाने मला फोन केला. मी निघाले. सुबोध म्हणाला, "एकटी जाऊ नको, गाव पेटलाहा. मी येतंय." मी नको म्हणायला हवं होतं की नाही, हा प्रश्न मी स्वतःला विचारत नाही. नवऱ्याने बायकोला माहेरी सोडायला येणं हा गुन्हा नव्हे, आणि दगड मारणाऱ्यांचं पाप मी माझ्या डोक्यावर घेणार नाही.

शेडमध्ये खाऱ्या मासळीची टोपली, डिझेलचे कॅन, जाळी, आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली माझं नाक. पांढरं, बादलीएवढं, शेवाळ लागलेलं. जेटीवरून आरोळ्या येत होत्या. माझं डावं मनगट सुजून दुप्पट झालं होतं. मी उजव्या हाताने जाळं शिवायचा सुया-दोऱ्याचा डबा उपसला, एक जाड सळई सापडली, आणि झाकणाच्या फटीत घालून पिळली. तशा वेळी माणसाने खिडकी शोधावी, कडी तोडावी. मी झाकण उघडत बसले. का, ते सांगता येत नाही. पण तो शून्य आकडा कितीतरी दिवस माझ्या घशात अडकला होता, आणि त्याच्यापायीच बाहेर माझा नवरा मार खात होता.

झाकण सरकलं.

चांदी काळी होती. कडेपासून कडेपर्यंत काळी, म्हणजे वर अणू होते, भरपूर होते, आणि त्यांनी चांदीला यथेच्छ खाल्लं होतं. फक्त मधोमध, जिथून वीज मोजायच्या तारा निघत होत्या नेमका तिथेच, एक लांबट डाग लख्ख पांढरा, कडेला किंचित तांबूस. त्याला रेषा होत्या. वळणं होती. वरच्या टोकाला एक तिरकी खाच होती.

तो अंगठा होता. तेल लागलेला माणसाचा अंगठा. तेलाने चांदी झाकली होती. अणू आधी ते तेल खात बसले, आणि ते विरळ झालं तेव्हा कुठे शेवटी आकडा जागा झाला. माझं यंत्र खोटं बोललं नव्हतं. त्याच्या तोंडावर कुणीतरी हात ठेवला होता.

आणि ती खाच मी ओळखत होते. मी सात वर्षांची असताना दादाच्या उजव्या अंगठ्यात जाळ्याची तार घुसून मांस निघालं होतं. त्याच अंगठ्याने त्याने पुढे कितीतरी वर्षं माझ्या वेण्या घातल्या.

मग डिझेलचा भरलेला कॅन दोन्ही हातांनी उचलला, मनगट गेलं चुलीत, आणि मागच्या बाजूच्या गंजलेल्या पत्र्यावर आपटत राहिले. पत्रा फाटला. तारांतून ओढून काढलेली पट्टी ब्लाऊजमध्ये खोचून मी त्या भोकातून बाहेर पडले तेव्हा दंडाला चांगली वीतभर चीर गेली होती.

जेटीवर मासळीच्या पाट्या उतरवायची कप्पी आहे. तिच्या दोराला त्यांनी सुबोधला काखेखालून बांधलं होतं. दोर सोडला की तो पाण्यात, ओढला की वर. बाळा कुबल दोर धरून होता.

"श्वास घुसमाटता म्हंजे कसा ता समजूंदे हेका!" कुणी बाई ओरडत होती. दर वेळी सुबोध वर आला की गर्दी हसायची. जेटीच्या खांबांवर कालवांचे शिंपले असतात, सुरीसारखे धारदार. दर फेरीला तो त्यांच्यावर घासला जात होता, आणि खालचं पाणी तांबडं झालं होतं. तो आता ओरडत नव्हता.

मला दोनच रस्ते होते. ती पट्टी वर धरून सगळ्यांसमोर ओरडायचं, मग सुबोध सुटला असता आणि तोच दोर दादाच्या काखेखाली गेला असता. नाही तर गप्प राहायचं. मी तिसरा काढला. गर्दीत कोपर मारत दादापर्यंत पोचले, त्याच्या शर्टाची गळपट्टी धरली आणि पट्टी त्याच्या डोळ्यांसमोर, छातीच्या आडोशाला धरली.

"दादा, ह्यो आंगठो कोणाचो?"

"सोड माका."

"बघ आधी! माझ्या रॉकेटातली चांदी असा ही. तेलाचो हात कोणी लावल्यान हेका?"

त्याने बघितलं. आधी वैतागून, मग नीट. त्याने उजवा हात पँटला पुसला, अंगठा पट्टीजवळ नेला. खाचेला खाच लागली.

"रेगेसायबान झाकण उघडून दाखवल्यान," तो हळूच म्हणाला. "तू आत होतंस, कॉम्प्युटराकडे. गावच्या मानाचो नारळ माझ्या हातान फोडल्यानी. मी इचारलंय, चांदी कसली? सायब म्हणालो, तुझ्या भैणीची. म्हणान मी टिळो लावलंय. तेल-कुंकवाचो. नाळेक टिळो नाय लावलो तर होडी सुखरूप परत येता काय?"

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. आमच्यात होडी पहिल्यांदा समुद्रात जाते तेव्हा घरातला मोठा माणूस नाळेला तेल-कुंकू लावतो. बहिणीची होडी आभाळात चालली होती. भावाने तिच्या नाळेला टिळा लावला.

"त्या तेलापायी आकडो शून्य इलो, दादा. वर हवा होती. ढगांनी काय एक खाल्लेला नाय."

मी एवढंच बोलले. पुढचं बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तो अडाणी नव्हता. शून्य आकडा, टीव्ही, लुटलेला ट्रक, रिकामं सिलिंडर, हे सगळं त्याच्या चेहऱ्यावरून एकामागून एक जाताना मी बघितलं.

"म्हंजे आवशीक..." तो म्हणाला.

मी नाही म्हणायला हवं होतं. जीभ उचलली नाही. समोर माझा नवरा बुडत होता आणि मला त्या क्षणी भावाचा रागही आला होता, भयंकर राग. मी गप्प राहिले, आणि त्याला उत्तर मिळालं.

तो वळला आणि बाळाच्या हातातला दोर धरून ओढायला लागला.

"काय करतस?" बाळा म्हणाला. "अजून मरूक नाय तो."

"सोड दोर."

बाळाने सोडला नाही. दादाने बाजूचं वल्हं उचललं आणि त्याच्या तोंडावर मारलं. दात फरशीवर पडल्याचा आवाज आला. दुसरा कुणी पुढे आला, त्याच्या गुडघ्यावर बसलं. दादा वेड्यासारखा वल्हं फिरवत होता, आणि दुसऱ्या हाताने दोर मनगटाला गुंडाळत मागे मागे सरत होता. सुबोध फरशीवर आला तसा मी त्याला पालथा केला आणि पाठीवर दोन्ही हातांनी दाबलं. पाणी आलं, रक्त आलं, आणि मग घशातून घरघर करत श्वास आला.

"भालू, फिरलंस काय तू?" गर्दीतून आवाज आला.

दादाने वल्हं खाली टाकलं. मी मान हलवून त्याला सांगत होते, नको, नको. पण भालूदादाला हळू बोलणं जन्मात जमलं नव्हतं. लग्नात, भांडणात, देवळात, त्याचा आवाज सगळ्यांच्या वरच.

"ढगांनी काय करूक नाय!" तो म्हणाला. "आकडो माझ्यापायी चुकलो. तिच्या चांदयेक मी तेलाचो आंगठो लावलंय. ह्यो!" त्याने अंगठा वर केला. "ह्या माणसाचो काय्येक गुन्हो नाय. तराफ्यावर जळले तेंचोय नव्हतो. घराक जावा सगळे."

बाळा कुबल फरशीवरून उठला. त्याच्या तोंडातून रक्ताची लाळ लोंबत होती, त्यामुळे तो काय म्हणतोय ते आधी कळलंच नाही. मग कळलं.

"म्हंजे माझो बापूस तुझ्या आंगठ्यापायी गेलो?"

"व्हय," दादा म्हणाला.

परतीचा पहिला दगड बाळाने मारला. दादाने हात वर केला नाही. मी आणि सुबोध पडलो होतो तिथे तो आमच्यापुढे येऊन उभा राहिला, पाठ आमच्याकडे, तोंड त्यांच्याकडे, हात खाली सोडलेले. दगड लागला की त्याचा खांदा हलायचा. सकाळी त्याच्या इशाऱ्यावर जीव द्यायला निघालेले लोक होते ते. मी ओरडत होते, शिव्या देत होते, एकेकाला नाव घेऊन हाक मारत होते. कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांना कुणीतरी हवा होता आणि तो स्वतःहून पुढे आला होता.

तो गुडघ्यांवर आला, मग कुशीवर. तेव्हा कुठे दगड थांबले. लोक पांगले, ते पळालेही नाहीत, बाजार उठल्यासारखे चालत गेले.

सूर्य बुडाला होता. वर ढग उजळायला लागले होते, निळसर, लाटालाटांचे. मी दादाचं डोकं मांडीवर घेतलं. एक डोळा गेला होता.

"समे," तो म्हणाला, "खरा सांग. ढगात हवा असा?"

"असा, दादा."

"तुझी होडी परत इली मात्र." त्याने हसायचा प्रयत्न केला. अँब्युलन्स आली तेव्हा त्यांच्याकडे सिलिंडर होतं, भरलेलं. त्याच्या नाकाला मास्क लावायच्या आत तो गेला होता.

सुबोध वाचला. त्याचं एक फुप्फुस अर्धंच काम करतं. तो आता कुडाळला त्याच्या आईकडे असतो आणि मी शनिवारी जाते. दादाचं नाव निघालं की तो उठून बाहेर जातो. ज्याने बुडवलं त्यानेच वर काढलं, त्याचं काय करायचं हे त्याला कळत नाही, आणि मलाही त्याला सांगता येत नाही. रेग्यांची बदली झाली. अहवालात 'तांत्रिक कारणाने नोंद सदोष' असं लिहिलं गेलं. मी सही केली नाही, पण त्याने काही अडलं नाही.

दुसरं उड्डाण मी केलं. झाकण माझ्या हाताने बंद करून त्यावर मोहोर लावली. देवसळहून कुणी आलं नाही, म्हणून बाहेरून, पांढऱ्या पत्र्यावर, तेल-कुंकू मीच लावलं. या वेळी आकडा स्वच्छ होता. ढगांजवळ अणू खरंच कमी आहेत, साधारण पाव हिश्शाने. याचा विचार करायला हवा, वरच्या थरांचं तापमान त्याने बदलू शकतं. वर्तमानपत्रांनी ते छापलं नाही. शीतछत्रने नवा तराफा बांधला आहे.

ती पहिली पट्टी माझ्याकडे आहे. चौकशीसाठी मागितली होती, मी हरवली म्हणून सांगितलं. टेबलाच्या खणात, सुती कापडात ठेवली आहे. पण ही कोकणची हवा, खारट. चांदी इथे अशीही काळी पडते, त्यासाठी आभाळात जावं लागत नाही. अंगठ्याचा डाग आधी पिवळट झाला, आता तपकिरी होत चालला आहे. बारीक रेषा गेल्या. खाच अजून दिसते.

घासली तर सगळी पट्टी पांढरी होईल, आणि नाही घासली तर सगळी काळी. दोन्हीत तो राहणार नाही. मी रोज सकाळी कामाला बसण्याआधी खण उघडते, खाच आहे का बघते, आणि खण लावते.